भरलीय

‘भरली! भरली!’ असं गच्चीवरून कुणीतरी ओरडलं. खाली पंपाच्या खोलीपाशी उभ्या असलेल्या वॉचमननं मान वर करून विचारलं, ‘कुणी भरली? मी तर अजून पंपच लावला नाही!’ तिसऱ्या मजल्यावरच्या बाई खिडकीतून म्हणाल्या, ‘आपोआप भरली असेल. तुम्हाला झोपेत हात फुटले असतील!’ त्यावर दोघंतिघं हसले. टाकीचं पाणी भिंतीवरून घरंगळत खाली येत होतं आणि त्याचा एक गार वास खिडकीतून आत शिरत होता. एवढंच झालं. दुपारची वेळ होती, माझ्या मांडीवर पुस्तक होतं, हातात चहा होता. खरं तर मलाही हसू यायला हवं होतं. पण ‘कुणी भरली’ हे दोन शब्द कानात शिरले आणि तिथेच राहिले. मी कप खाली ठेवला. तो बशीत नीट बसेना, वाजत राहिला. टाकी भरली. टाकी कुणी भरली. एक शब्द, पण एकदा टाकी आपली आपण भरते आणि एकदा तिला कुणीतरी भरतं. हे काही नवं नव्हतं, लहान मुलालाही कळतं. पण आतल्या खोलीत ही कुशीवर झोपली होती, आणि तिच्या पाठीला, माकडहाडाच्या जरा वर, एक जखम होती. ती जखम भरलीय असं गेले काही दिवस आम्ही सगळे एकमेकांना सांगत होतो.

सुरुवात साध्या गळवानं झाली होती. ही म्हणाली, बसताना टोचतंय. मग ताप आला, मग चालता येईना. सर्जननं ते उघडलं, आतली घाण काढली आणि तोंड तसंच उघडं ठेवलं. टाके घातले नाहीत. मला ते पटेना. फाटलेलं पान आधी चिकटवावं अशी माझी सगळ्या जन्माची सवय, कारण मी ग्रंथालयात नोकरी केली. मी भीत भीत विचारलं तर सर्जन हातमोजे काढत म्हणाले, ‘आजोबा, आत पोकळी आहे. वरून शिवली तर आत काय होईल, सांगा?’ आणि उत्तर माझ्यावर सोडून निघून गेले. उत्तर मिळालं ते घरी रोज ड्रेसिंगला येणाऱ्या सिस्टरांकडून. आम्ही त्यांना मोठ्या सिस्टर म्हणायचो. अंगानं मोठ्या, आवाजानं त्याहून मोठ्या. ‘विहीर बुजवायची तर तळापासून, काका,’ त्या म्हणाल्या. ‘तोंडावर फळी टाकली म्हणून विहीर बुजत नाही. उलट त्यात माणूस पडतो.’ मग त्यांनी जाळीदार कापडाची एक लांब पट्टी मिठाच्या पाण्यात भिजवली, पिळली आणि चिमट्यानं हळूहळू जखमेत सोडली. त्या पट्टीला त्या वात म्हणत. ‘ठासायची नाही. ही काही उशी नाही. सैल सोडायची, तळाला टेकेल एवढीच. आणि वात एकच. तिचं शेपूट कायम बाहेर, पट्टीनं कातडीला चिकटवलेलं. उद्या येणाऱ्याला आधी शेपूट दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर ते शोधायचं, बाकी सगळं नंतर.’ ही उशीत तोंड खुपसून होती. तिथूनच म्हणाली, ‘जन्मभर यांनी मला वात आणला, सिस्टर. आता वात भरायला शिकवा.’ मोठ्या सिस्टर एवढ्या हसल्या की त्यांना चिमटा बाजूला ठेवावा लागला.

पण मी शिकलो नाही. मी ट्रे धरून उभा राहायचो आणि समोरच्या कपाटाकडे बघायचो. कपाटाच्या दारावरच्या लाकडातल्या गाठी मला पाठ झाल्या होत्या. ‘काका, एकदा बघा तरी. न बघता जी भीती वाटते ती मोठी असते,’ असं सिस्टर म्हणायच्या. मी ‘उद्या’ म्हणायचो. मग त्या मला न दिसणारं ते बोलून दाखवायच्या. आज तळ लाल आहे, दाणेदार आहे, डाळिंब फोडल्यासारखा. म्हणजे बरं चाललंय. पिवळं काही नाही. वास नाही. कडा गरम नाहीत. लोक म्हणतात जखम कोरडी पडली म्हणजे बरी झाली, तसं नसतं. आत ओल लागते. पण ओल वेगळी, चिखल वेगळा. मी मान डोलवायचो. लहानपणी थोरल्या भावाची हनुवटी फुटली तेव्हा मी रक्त बघून त्याच्याआधी पडलो होतो. घरच्यांनी त्याला टाके घालायचे सोडून आधी माझ्या तोंडावर पाणी मारलं. तेव्हापासून मी घरातली भित्री भागूबाई. लग्नानंतर भावानं ते हिला सांगितलं, आणि हिनं ते इतकं जपून वापरलं की एवढ्या वर्षांत ते कधी शिळं झालं नाही.

मी उठून आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेलो. ही गाढ झोपली होती. आज सकाळी तिनं कितीतरी दिवसांनी मनासारखी अंघोळ केली होती, पाठीवरची पट्टी पाणी जाऊ नये म्हणून झाकून, आणि न्हाणीघरातून गुणगुणण्याचा आवाज आला होता. केस अजून दमट होते. गाल लाल होता. हा झोपेचा लाल की कसला? मी चोरासारखा पलंगापर्यंत गेलो, वाकलो आणि तिच्या पायाला बोट लावलं. कपाळाला हात लावला असता तर ती जागी झाली असती आणि म्हणाली असती, ‘काय हो?’ आणि मग मला सांगावं लागलं असतं. पाय गरम होता. पण माझं बोट गार होतं. गार बोटाला जगातलं काहीही गरमच लागणार. मी बोट काखेत धरून ऊब आणली आणि पुन्हा लावलं. तरी कळेना. मी असा आहे. दोनदा मोजलेलं मला तिसऱ्यांदा मोजावंसं वाटतं आणि तिसऱ्यांदा पहिली दोन्ही खोटी वाटतात.

मोठ्या सिस्टर अचानक रजेवर गेल्या, लेकीचं बाळंतपण महिनाभर आधी आलं म्हणून. शेवटच्या दिवशी त्यांनी घाईघाईनं ड्रेसिंग केलं आणि आमच्या मोरीत हात धूत, फोन खांद्यात दाबून, त्यांच्या जागी येणाऱ्या सिस्टरला सांगितलं. ते बोलणं मी ऐकलं होतं. मी टॉवेल घेऊन शेजारीच उभा होतो. पलीकडून रस्त्यावरच्या हॉर्नचा आवाज येत होता. ‘आजींची भरलीय गं. मस्त आहे एकदम. तू उद्यापासून बघ फक्त, आणि काही वाटलं तर सरांना सांग.’ बस. आपण बोलताना ‘मी’ कुठे म्हणतो? जेवलीय, धुतलंय, भरलीय. ज्यानं केलं तो समोर उभा असतो, त्याचे हात ओले असतात, मग त्याचं नाव कशाला घ्यायचं? मी तेव्हा बरोबर समजलो होतो. मला आठवतंय की मी बरोबर समजलो होतो. सिस्टरांनी आत्ताच वात भरली होती, तेच त्या सांगत होत्या. दुसऱ्या दिवशी नवी सिस्टर आली. लहानखुरी, हसरी, बोलताना हातातल्या वस्तूशी चाळा करणारी. तिनं वरची पट्टी काढली, वाकून पाहिलं आणि म्हणाली, ‘अय्या, खरंच भरलीय की! ताई म्हणाल्याच होत्या. छान खपली धरलीय, आजी. आता छेडायची नाही. वरून कोरडी पट्टी लावते.’ आणि मी, कपाटाच्या गाठींकडे बघणारा मी, त्या क्षणी कालचा अर्थ टाकून आजचा उचलला. आजचा गोड होता ना. ‘भरली?’ ही म्हणाली. ‘भरली!’ मी म्हणालो. मुलीला फोन करून म्हणालो, शेजारी म्हणालो. मुलगी म्हणाली, ‘बाबा, तुमचा आवाज किती वेगळा येतोय!’

मग वात कुठे गेली?

हे मी परत खोलीच्या दारात येऊन मनात विचारलं. नव्या सिस्टरनं ती काढताना मी पाहिली नव्हती. पण मी कधीच काही पाहिलं नव्हतं. काढली असेल. कपाटाच्या गाठींना काय विचारणार? ट्रेमध्ये काय पडलं होतं ते आठवून बघितलं. जुनी वात ट्रेमध्ये पडताना ओला, मऊ असा एक आवाज होतो, लोकरीचा मोजा पाण्यात पडावा तसा. त्या दिवशी तो झाला होता का? हिच्या हसण्याचा आवाज आठवत होता. पिशवीची चेन ओढल्याचा आठवत होता. मला एकाएकी एक पुस्तक आठवलं. ग्रंथालयाच्या छतातून एकदा पाणी गळलं होतं, तेव्हा भिजलेलं एक जाडजूड पुस्तक कुणीतरी वजनाखाली दाबून, पुठ्ठा पुसून, पुन्हा कपाटात लावून टाकलं. बाहेरून ते शेजारच्यांपेक्षा नीटनेटकं दिसायचं. कितीतरी महिन्यांनी एका वाचकानं ते मागितलं. मी काढून दिलं, त्यानं उघडायचा प्रयत्न केला, आणि ते उघडेचना. आतली पानं एकमेकांना धरून बसली होती. जोर लावल्यावर मध्येच फाटलं आणि आत काळंहिरवं काहीतरी होतं. त्याचा वास दोन्ही हातांना दिवसभर आला. तो वास आता खोलीत आहे असं मला वाटू लागलं. मग वाटलं, नाही, साबणाचा आहे. मी दारातून परत फिरलो.

फोन हातात घेतला आणि मोठ्या सिस्टरांचा नंबर लावला. दोनदा वाजला आणि मीच बंद केला. त्यांच्या लेकीच्या उशाशी त्या बसल्या असतील. काय सांगणार? टाकी भरली आणि मला व्याकरण आठवलं? नवी सिस्टर शिकलेली आहे, परीक्षा देऊन आलेली आहे, आणि मी कोण? शब्दावरून संशय घेणारा एक म्हातारा. मागे एकदा सर्जनना मी कुठेतरी वाचलेलं काही विचारलं होतं तेव्हा ते म्हणाले होते, ‘आजोबा, तुम्ही वाचा, आम्ही कापतो.’ सगळे हसले, मीही हसलो आणि घरी येईपर्यंत माझे कान तापलेले होते. आज पुन्हा तसंच होईल. होऊ दे. पण समजा तसं झालं नाही? समजा माझं खरं असलं? या विचारानं मला जास्त भीती वाटली. मी खोटा ठरावं अशी मी प्रार्थना करत होतो, आणि खोटं ठरायला लाजतही होतो. एकाच अंगात दोन भित्रे, आणि दोघंही दुसऱ्याला पुढे ढकलत होते.

शेवटी मी टेबलाच्या खणातून भिंग काढलं. बारीक अक्षर वाचायला घेतलेलं, काठाशी टवका उडालेलं. हात साबणानं धुतले, सिस्टर धुवायच्या तसे, बोटांच्या बेचक्यांतून, मनगटापर्यंत. धुताना आपण सोंग करतोय असं वाटत होतं. हिच्या पाठीमागे पलंगाच्या कडेला बसलो आणि पट्टीची एक कड नखानं सोडवली. ही जागी झाली.

‘काय चाललंय मागं?’

‘काही नाही. पट्टी जरा बघतो.’

‘तुम्ही?’ ती मान वळवायला लागली. ‘भागूबाई, बरं वाटतंय ना?’

‘हलू नको गं.’

ती हलायची थांबली. माझा आवाज तिला कळला असणार. ती एवढंच म्हणाली, ‘पडाल तर माझ्या अंगावर पडू नका.’

मी डोळे मिटले, मग उघडले. तिची पाठ, तिच्यावरचे तीळ, ते माझ्या ओळखीचे. त्यांच्या खाली एक तपकिरी, वाळलेली खपली, बटणाएवढी. बाजूची कातडी लालसर, चकचकीत, जरा फुगलेली. एवढंच? मी पडलो नाही. उलट एक क्षणभर मला हसावंसं वाटलं, की याला मी एवढा भ्यालो. मग भिंग जवळ नेलं. खपलीच्या कडेशी रेघा होत्या. बारीक, उभ्या आणि आडव्या. उभ्या आणि आडव्या. माझ्या डोळ्यांनी ते आधी ओळखलं, मी नंतर. पुस्तकाच्या कण्याला आतून सरस लावून जे जाळीचं कापड चिकटवतात, ते मी हजारदा हातानं कापलंय. सरस वाळला की ते असंच दिसतं, तपकिरी, कडक, आणि त्यात त्या चौकड्या. ती खपली नव्हती. निदान सगळी नव्हती. ते शेपूट होतं, शेवटच्या दिवसाच्या घाईत चिकटवायचं राहून गेलेलं. वर चिकटून, वाळून, खपलीत बसून गेलेलं. त्याच्याखाली उरलेली सगळी वात आत होती.

‘अहो, बोला की.’

‘तुला आत दुखतं का?’

ती उशीतच म्हणाली, ‘कालपासून ठणकतंय. सकाळी कुडकुडल्यासारखं पण झालं.’

‘मग बोलली का नाहीस?’

‘तुम्ही सगळ्यांना फोन करून सांगत होतात, भरली, भरली. चेहरा असा सुटला होता तुमचा. म्हटलं, एक दिवस राहू दे. सकाळी तर गाणंही म्हटलं मी, तुम्हाला ऐकू जावं म्हणून.’

न्हाणीघरातलं ते गुणगुणणं मी पुस्तकाशी बसून ऐकलं होतं. ती भ्याली होती आणि माझ्यासाठी गात होती. या वेळी मी नव्या सिस्टरला फोन लावला आणि वाजू दिला. ती जवळच कुठेतरी होती, लगेच आली. चपला काढतानाच म्हणाली, ‘पण काका, ताईंनी सांगितलं होतं, भरलीय.’

‘हो. भरलीय म्हणाल्या त्या.’

‘तेच तर म्हणतेय मी!’

‘नाही. त्यांनी भरलीय.’

ती माझ्याकडे बघत राहिली. हातातला पिशवीचा बंद ती बोटाला गुंडाळत होती, ते बोट थांबलं. मग तिनं तोच हात तोंडावर धरला. वाकून पाहिलं, कडेची कातडी बोटाच्या पाठीनं चाचपली आणि सरळ झाली तेव्हा तिचा रंग उतरला होता. ‘मी इथे ओढणार नाही,’ ती म्हणाली. ‘वाळलीय. ओढली आणि तुटली तर अर्धी आत राहील. आजी, उठा. दवाखान्यात जायचं. आत्ता.’ रिक्षात ती हिच्या एका बाजूला बसली, मी दुसऱ्या. ही एका अंगावर कलून बसली होती, तिचं सगळं वजन माझ्यावर. गरम होती. आता माझं बोट गार असो की नसो, ती गरम होती. वाटेत प्रत्येक खड्ड्याला तिघांपैकी कुणीतरी श्वास रोखत होतं. सिस्टर मध्येच म्हणाली, ‘काका, माझं चुकलं. शेपूट शोधायला हवं होतं.’ मी ‘असू दे’ म्हणणार होतो. पण ते म्हणण्याचा अधिकार माझा नव्हता. ज्या अंगात ती वात होती त्या अंगानं ते म्हणायचं. आणि ते अंग म्हणालं, ‘अगं, रडू नकोस, तुझे हात साफ लागतील ना.’

ड्रेसिंगच्या खोलीत पांढरा दिवा होता आणि बघायला एकही कपाट नव्हतं. सर्जन आले, मी भिंग खिशातून काढून काहीतरी सांगू लागलो, आणि ते हसले नाहीत. कोमट मिठाच्या पाण्यात भिजवलेला बोळा त्यांनी त्या तपकिरी बटणावर ठेवला आणि थांबले. पुन्हा ओला केला, पुन्हा थांबले. एवढा घाईचा माणूस, पण त्यांनी घड्याळाकडेही बघितलं नाही. बटण मऊ झालं, सैल झालं. चिमट्यानं कड धरून त्यांनी ते उचललं, आणि ते येत राहिलं. राखाडी, ओलं, लांब. मग तो वास आला. त्या पुस्तकाचा. ही उशी चावून कण्हली. मी तिचा हात धरला होता की तिनं माझा, सांगता येणार नाही. सर्जननं वात ट्रेमध्ये पसरवली, दुसरं टोक दिव्यापाशी नेऊन पाहिलं. ‘अखंड आहे. तुटली नाही,’ ते म्हणाले. ट्रेमध्ये पडताना तो आवाज झाला होता, मोजा पाण्यात पडल्याचा. म्हणजे त्या दिवशी तो झालाच नव्हता. आत पाणी सोडून धुऊन काढत ते म्हणाले, ‘आणखी दोन दिवस जाते तर…’ आणि वाक्य तिथेच टाकलं. मग पेन घेऊन लालीच्या कडेनं हिच्या पाठीवर एक रेघ ओढली, नकाशावर ओढावी तशी. ‘लाली या रेघेच्या बाहेर गेली, ताप चढला, की मला विचारत बसू नका, उचलून आणा. औषध लिहून देतो. रोज बघायचं.’ मग माझ्याकडे वळून, ‘बघायचं, काय?’

ते गेल्यावर नव्या सिस्टरनं वात भिजवली, पिळली. चिमटा हातात घेतला. तो ट्रेच्या काठाला लागून बारीक वाजत होता. तो आवाज माझ्या ओळखीचा होता, दुपारच्या कपबशीचा. ‘काका,’ ती हळूच म्हणाली, ‘तुम्ही भरता? मी सांगते. घरात कुणाला तरी यायलाच हवं.’ ही लगेच म्हणाली, ‘अगं बाई, यांना? आता मात्र मेले मी.’ पण तिनं पाठ हलवली नाही. मी पुन्हा हात धुतले. हातमोजे उलटे घालायला लागलो, सिस्टरनं सुलटे केले. चिमट्यात वातीचं टोक धरलं आणि वाकलो. तळ लाल होता, कुठेकुठे पिवळट, आणि मी विचार केला त्याहून खोल. ‘सैल,’ सिस्टर म्हणत होती. ‘तळाला टेकू द्या. ठासू नका. थोडी अजून. बस.’ माझे कान वाजत होते, कपाळावरचा घाम चष्म्यावर उतरत होता, आणि त्या पेनच्या रेघेकडे माझी नजर पुन्हा पुन्हा जात होती. ती मला आत्ताच कमी पडल्यासारखी दिसत होती.

‘अहो,’ उशीतून आवाज आला. ‘भरली का?’

‘मी भरली,’ मी म्हणालो. ‘ती अजून भरायचीय.’

‘शेपूट?’

‘बाहेर आहे. माझ्या बोटाखाली.’

सिस्टरनं शेपटावर चिकटपट्टी लावली, कडा दाबल्या, नीट बसली म्हणाली. तरी मी बोट काढलं नाही.